‘पाणि’चं ‘पाणी’ करणारा माणूस

मी विकिपीडियाच्या लेखांची ऑफलाइन प्रत बनवायचं काम करतो, नेट नसलं तरी वाचता यावी अशी. मजकूर कोणीही वापरा पण लिहिणाऱ्यांना श्रेय द्या, असं तिथलं लायसन्स. लेखाची लिंक दिली तरी चालतं, पण नेटच नसेल तर लिंक काय कामाची, म्हणून आम्ही नावांची यादी देतो. त्यात अगदी किरकोळ भर घालणारे वगळायची मुभा आहे, म्हणून टीमने ठरवलं, ज्याने घातलेल्या मजकुराचे बाइट (संगणकातलं मजकुराचं माप) कमी तो बाद.

त्या दिवशी भूजलावरच्या लेखाची यादी बघत होतो तर एकच नाव, अख्खा लेख एका फटक्यात चढवलेला. मला खटकलंच, कारण इतकी घासूनपुसून केलेली भाषा एका बैठकीत होत नाही हो. शोधत गेलो तेव्हा कळलं की मजकूर दुसऱ्या पानावरून उचलून आणलाय आणि संपादन सारांशात, म्हणजे बदल करताना लिहायच्या छोट्या टिपेत, त्या पानाचं नावसुद्धा नाही. जुनं पान आता नुसतं पुनर्निर्देशन, म्हणजे उघडलं की नव्या लेखावर नेणारं, पण त्याचा इतिहास, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, शाबूत होता, तो उघडला आणि बघतच राहिलो.

सहा वर्षं, एकच सदस्य, शेकडो संपादनं. आणि प्रत्येक संपादनासमोरचे, किती बाइट वाढले-घटले ते सांगणारे आकडे काय, तर ०, +३, −३, परत ०. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट, अनुस्वार दिला की +३, काढला की −३, आणि ‘पाणि’चं ‘पाणी’ केलं तर चक्क शून्य! रात्री कोणीतरी परिच्छेद पुसून शिवी टाकलेली, ती ७ मिनिटांत उलटवलेली, मेलेले दुवे बदललेले. म्हणजे इतिहास जोडून घेतला असता तरी आमच्या हिशोबाने हा माणूस बादच होता, आणि लेख वाचण्यासारखा राहिला तो याच्यामुळे. तेव्हापासून ‘किरकोळ’ हा शब्द मला सहन होत नाही.

बाइटची अट मी त्याच दिवशी काढायला लावली, यादी लांबली तर लांबू दे. मग त्या सदस्याच्या चर्चा पानावर विचारलं, श्रेय कुठल्या नावाने देऊ? संध्याकाळी उत्तर आलं, ‘सदस्यनावच ठेवा. तिसऱ्या परिच्छेदातला एक दुवा मेलाय, आज रात्री बदलतो, तेवढं थांबाल का?’

आम्ही थांबलो.