कारखान्याच्या गेटापासून ल्योंपर्यंत

२०२५ च्या मार्चमध्ये आमच्या कॉलेजच्या फिल्म विभागातले १४ विद्यार्थी आणि दोन शिक्षक फ्रान्समधल्या ल्यों शहरात अभ्याससहलीला जाऊन आलो. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसवाल्या गावातली. आमच्या घरातून याआधी कुणी विमानातही बसलं नव्हतं. गावाकडच्या, शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना अशा सहलीची माहिती मिळत नाही, म्हणून कागदपत्रांसकट सगळं लिहितेय.

सुरुवात पैशांनी किंवा पासपोर्टने झाली नाही, एका शॉटने झाली. मॅडमनी अट घातली: ज्याला यायचंय त्याने ५० सेकंदांचा एक शॉट आणून द्यायचा. कॅमेरा स्टँडवर, जागचा हलवायचा नाही, झूम नाही, कट नाही. फ्रान्समध्ये मुलांना सिनेमा शिकवताना हा स्वाध्याय देतात, त्याला ‘ल्युमिएर मिनिट’ म्हणतात. ल्युमिएर बंधू म्हणजे सिनेमाच्या अगदी सुरुवातीचे चित्रपट घेणारे दोघे फ्रेंच भाऊ. त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण १७ मीटर फिल्म मावायची आणि ती ५० सेकंदांत संपायची. म्हणून ५० सेकंद.

मी साखर कारखान्याचं गेट निवडलं, पाळी सुटायची वेळ. शॉट पार बिघडला. निम्मे लोक कॅमेऱ्याकडे बघत थांबले, वॉचमन चौकशी करायला थेट फ्रेममध्ये आला आणि शेवटी ट्रक आडवा आला. मॅडमनी दोनदा बघितला. म्हणाल्या, “गेट दिसतंय. पण कोण कुठून येणार, कुठं जाणार, हे तू ठरवलंस कुठं?” तरी माझी निवड झाली. त्यांचा तो प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

मग कागद. पहिली अडचण नावाची. पासपोर्टवर माझं नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या. कॉलेजच्या बोनाफाईडवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. आपल्याकडे ही रीत सगळ्यांना कळते, परक्या देशाच्या कचेरीत ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. बोनाफाईड, परवानगीचं पत्र, विम्याची पॉलिसी, तिकीट, सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव घालून घ्या. आमच्या पाच जणांची बोनाफाईड पुन्हा काढावी लागली.

दुसरी अडचण खरी मोठी होती. खर्च आण्णा, म्हणजे माझे वडील, करणार होते. व्हिसासाठी खर्च करणाऱ्याचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र मागतात. आण्णांची सगळी कमाई शेतीची, तिच्यावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र कधी भरलेलंच नाही. त्यात स्टेटमेंटमध्ये महिनोन्‌महिने किरकोळ रक्कम आणि मध्येच एकदम मोठा आकडा, म्हणजे उसाचं बिल जमा झालेलं. एका एजंटाने स्टेटमेंट बघून सांगितलं, “हे चालणार नाही. कुणाकडून तरी तीन लाख आणून महिनाभर खात्यात ठेवा.” आण्णा तिथून उठले. घरी येऊन एवढंच म्हणाले, “पोरी, आपलं आहे ते दाखवू. उसने पैसे दाखवून जायचं नाही.”

मग आम्ही सातबारा काढला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेतला आणि कारखान्याकडून दोन हंगामांच्या ऊसबिलांचा तपशील मागून घेतला. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. सगळ्यांत वर मी स्वतः लिहिलेलं एक पानाचं पत्र: अमुक तारखेला जमा झालेली रक्कम म्हणजे अमुक टन उसाचं बिल, सोबत पावती क्रमांक इतका. ऊस कारखान्याला गेल्यावर पैसे टप्प्याटप्प्याने येतात, पगारासारखे दरमहा येत नाहीत, हेही दोन ओळींत लिहिलं. व्हिसा मिळाला. शेतकऱ्याच्या पोरांनी घाबरू नये. आपला पैसा कसा येतो हे आपणच समजावून सांगायचं असतं, एजंट ते करत नाही.

त्याच एजंटाने प्रत्येकाच्या खर्चात ९० युरो व्हिसा शुल्क धरलं होतं. आमच्या सरांनी शेंगेन व्हिसाची, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, नियमावली मुळातून वाचली. शिक्षणासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना हे शुल्क माफ आहे. सरांनी सहलीचा दिवसवार अभ्यासक्रम आणि कॉलेजचं पत्र जोडलं आणि आमचं शुल्क माफ झालं. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा, तो भरावा लागतो. बाकीचे नियम सरळ आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट किमान तीन महिने वैध असावा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही सगळे एकाच दिवशी पुण्याला गेलो.

कॅमेऱ्याचं कुणी आधी सांगत नाही. आपलाच कॅमेरा घेऊन गेलात, तरी परत येताना तो तिकडून विकत आणलाय की काय असा प्रश्न येऊ शकतो. म्हणून निघताना विमानतळावर कस्टमच्या टेबलावर कॅमेरा आणि लेन्स दाखवून, सिरियल नंबर लिहून, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. सामान बेल्टवर टाकायच्या आधी. पेट्या भरून व्यावसायिक साहित्य न्यायचं असेल तर ‘कार्ने’ नावाचा दस्तऐवज लागतो, आपल्याकडे तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते. आमचे दोन कॅमेरे आणि एक साउंड रेकॉर्डर, त्यामुळे तेवढी वेळ आली नाही. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, आणि त्यांचे वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते मोजून. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १४.८ व्होल्ट, ६.६ अँपिअर-अवरची बॅटरी ९८ च्या आत येते. १०० पर्यंत चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आमची एक मोठी बॅटरी त्यामुळे कोल्हापुरातच राहिली.

विमान रात्रीचं होतं. दुपारी मॅडम आम्हाला मुंबईत काळा घोड्याजवळ एका मोडकळीला आलेल्या इमारतीसमोर घेऊन गेल्या. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएरांच्या माणसाने इथे सहा छोटे चित्रपट दाखवले, तिकीट एक रुपया. त्या सहांत एक होता ल्योंमधल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा. मॅडम म्हणाल्या, “तो जिथं दाखवला ती जागा बघून घ्या. उद्या जिथं घेतला ती बघायचीय.” मी त्या लोखंडी खांबांकडे बघत राहिले.

ल्योंमध्ये मेट्रोच्या डी मार्गावर ‘मोंप्लेझिर-ल्युमिएर’ स्टेशन आहे. बाहेर पडलं की जवळच तो रस्ता, त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. १९ मार्च १८९५ ला लुई ल्युमिएरने इथे आपल्याच वडिलांच्या फोटोच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याच्या गेटासमोर कॅमेरा लावला. कारखाना आता नाही. त्या शेडचा एक भाग जपलाय, वरच्या जुन्या लाकडी तुळया तशाच, आणि आत चित्रपटगृह. शेजारच्या त्यांच्या वाड्यात संग्रहालय आहे. तिथे सिनेमॅटोग्राफ बघितला. एक लाकडी पेटी, तीच चित्रण करणार, तीच प्रिंट काढणार, तीच पडद्यावर दाखवणार. फिल्म पुढे ओढायची युक्ती लुईला शिलाई मशीनवरून सुचली. हँडल सेकंदाला दोन फेरे फिरवायचं, म्हणजे १६ चौकटी. मॅडमनी आम्हाला रिकामा हात तसा ५० सेकंद फिरवायला लावला. खांदा भरून येतो आणि वेग सांभाळता सांभाळता समोर काय चाललंय ते बघायचं राहून जातं.

त्या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत गाडीला एक घोडा, एकीत दोन, एकीत घोडाच नाही. कपडेही वेगळे. म्हणजे त्यांनी तो पुन्हा पुन्हा घेतला. तिन्ही ओळीने बघताना मला माझं गेट दिसायला लागलं. त्या बायका, पुरुष, सायकलवाले, कुत्रं, सगळे बाहेर पडतात आणि डावीकडे किंवा उजवीकडे वळतात. कॅमेऱ्यावर जवळजवळ कुणी चालून येत नाही, फारसं कुणी टक लावून बघतही नाही. हे आपसूक घडलेलं नाही, ठरवलेलं आहे. पुस्तकात मी या चित्रपटाबद्दल ‘वास्तवाची नोंद’ असं पाठ केलं होतं. त्या रस्त्यावर उभं राहून पटलं की दिग्दर्शन पहिल्या दिवसापासून होतं.

रोज एक मिनिट घ्यायचं होतं. मी क्र्वा-रूस टेकडीवरचा एक जिना धरला. हा रेशीम विणकरांचा भाग, नक्षीचं कापड विणणारे जाकार माग उंच म्हणून घरांची छतंही उंच. इचलकरंजीची माझी मैत्रीण तिथे अर्धा तास मान वर करून फिरत होती, तिच्या आजोबांचे यंत्रमाग होते. जिन्यावर दोन तास थांबले. कोण किती वेळाने येतं, ऊन कुठल्या पायरीवर सरकतं, ते वहीत लिहीत गेले. तिथे लोक आपलं चित्र घेण्याबाबत जागरूक असतात, म्हणून परवानगी मागायचं एक फ्रेंच वाक्य आम्ही पाठ केलं होतं. एक आजी ‘नको’ म्हणाल्या. मी कॅमेरा वळवला, त्या गेल्यावर पुन्हा लावला. शेवटी एक माणूस पाठीवर चेलोची पेटी घेऊन चढत आला आणि वरून शाळेची पोरं उतरली. त्यांचं मधल्या पायरीवर एकमेकांना वाट देणं ४१ व्या सेकंदाला आलं.

पॅरिसचे दोन दिवस घाईत गेले. सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहसंस्थेतलं, सुरुवातीच्या काळातला जादूई चित्रपटांचा दिग्दर्शक मेलिएस याच्या नावाचं संग्रहालय मनासारखं बघायला एक पूर्ण दिवस हवा, आम्हाला तीन तास मिळाले. सहल आखणाऱ्यांनी शहरं कमी करावीत.

परत आले तेव्हा कारखान्याचा हंगाम शेवटच्या आठवड्यात होता. यावेळी तीन दिवस नुसती गेटावर जाऊन बसले. पाळी कधी सुटते, ट्रॅक्टर कुठून वळतात, ऊन कधी गेटाच्या कमानीखाली येतं, ते टिपलं. वॉचमनकाकांना ल्योंचा शॉट मोबाइलवर दाखवला. ते म्हणाले, “हे तर आपल्यागतच हाय की!” आणि चौथ्या दिवशी त्यांनीच गड्यांना सांगितलं, पोरीच्या कॅमेऱ्याकडं बघू नका, नेहमीगत जावा. कॅमेरा रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीच्या आडोशाला लावला. भोंगा झाला. माणसं बाहेर आली, निम्मी बस स्टँडकडे, निम्मी सायकलींकडे वळली. तिसाव्या सेकंदाला उसाची ट्रॉली आत शिरली. ट्रॅक्टरवर आण्णा होते, आमचा शेवटचा ऊस घेऊन. त्यांनीही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.