बदली होऊन येणाऱ्या माणसासाठी करार

सरकारी खात्यांसाठी सॉफ्टवेअरचे करार लिहून देणं हे माझं काम. म्हणजे नेमकं करतेस काय असं कोणी विचारलं की मी सांगते, सिस्टीम बंद पडली तर कोणी कोणाला फोन करायचा आणि त्याने तो उचलला नाही तर पुढे काय, हे आधीच लिहून ठेवते. यावर सहसा कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसलीये. करारावर सह्या होतात तेव्हा खोलीत जे आठ-दहा लोक असतात ना, करार खरंच उघडून बघायची वेळ येते तेव्हा त्यातलं जवळजवळ कोणीच जागेवर नसतं. साहेबांची बदली झालेली असते, व्हेंडरचा (सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कंपनीचा) प्रोजेक्ट मॅनेजर नोकरी सोडून गेलेला असतो, कन्सल्टंटचं शेवटचं बिल निघालं की त्याचा फोन लागत नाही. आणि मग नवीन खुर्चीत बसलेला कोणीतरी बिचारा तीनशे पानांची फाइल उघडून शोधत बसतो की हे आपल्याला फुकट करून मिळणार आहे की पैसे द्यायचेत. म्हणून मी करार त्या माणसासाठी लिहिते, समोर बसलेल्यांसाठी नाही. मीटिंगमध्ये 'अहो ते आमचं तोंडी ठरलंय, त्यांना माहितीये' असं कोणी म्हणालं की मला तो माणूस आठवतो, कारण त्याला काहीच माहिती नसणारे.

हे मी शहाणपणाने शिकले नाही, चूक करून शिकले. सुरुवातीच्या एका करारात आम्ही लिहिलं होतं की व्हेंडरने मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग, दिल्यापासून १५ दिवसांत खात्याने लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं समजावं. कलम वाचायला अगदी निरुपद्रवी, व्हेंडरचं म्हणणंही रास्त होतं की खातं सहा-सहा महिने उत्तर देत नाही आणि आमचं पेमेंट अडकून राहतं. झालं काय, मॉड्यूल आलं त्याच आठवड्यात अधिकारी बदलले, चार्ज द्यायला-घ्यायला दहा-बारा दिवस गेले, ईमेल आला तो जुन्या साहेबांच्या इनबॉक्सात, आणि नवीन साहेबांनी पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा सोळावा दिवस उजाडला होता. रिपोर्ट उघडतच नव्हते, पण कागदावर सगळं ओके आणि त्या टप्प्याचं (माइलस्टोनचं) बिल तयार. आता मी तेच कलम लिहिते पण मुदत ईमेलच्या तारखेला सुरूच होत नाही, ठरलेले टेस्ट केस व्हेंडरने खात्याच्या माणसासमोर चालवून दाखवायचे, रजिस्टरवर सही घ्यायची, आणि मुदत त्या सहीपासून मोजायची. शिवाय नोटीस नावाला नाही, पदाला जाते आणि एका कॉमन मेल आयडीवर जाते. एवढ्याशा दोन ओळी, पण व्हेंडर त्यावर दोन मीटिंगा भांडतो, त्यावरूनच कळतं की त्या किती कामाच्या आहेत.

आता अपटाइम, म्हणजे सिस्टीम एकूण वेळेच्या किती टक्के चालू राहिली पाहिजे ते. टेंडरमध्ये सगळ्यांना ९९.५ टक्के लिहायला फार आवडतं, आकडा भारदस्त दिसतो. पण मी नेहमी विचारते, मोजायचं कशावर? महिन्यावर मोजलं तर ३० दिवसांचे ७२० तास, त्याचे अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तिमाहीवर मोजलं तर ९० दिवसांचे २१६० तास आणि सूट जाते १० तास ४८ मिनिटांवर. म्हणजे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सिस्टीम सकाळी आठला झोपली आणि संध्याकाळी साडेसहाला उठली तरी व्हेंडरला एक पैसा दंड नाही, उरलेले ८९ दिवस नीट चालली की झालं. आकडा तोच, ९९.५. आणि हे तर फक्त गणित झालं, खरी मजा पुढे आहे. बंद म्हणजे काय? सर्व्हर चालू आहे पण लॉगिन होत नाही, हे बंद की चालू? पेमेंट गेटवे अडकलाय, बाकी पेज उघडतायत, मग? मोजणार कोण, व्हेंडरचंच टूल? (विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा, तसलं काहीतरी.) म्हणून मी हल्ली 'सर्व्हर उपलब्ध' असं लिहीतच नाही, 'बाहेरच्या नेटवर्कवरून सामान्य युजरला लॉगिन करून अर्ज सबमिट करता आला पाहिजे' असं लिहिते, आणि ते दर पाच मिनिटांनी तपासणारं टूल व्हेंडरच्या ताब्यात नसलं पाहिजे असंही लिहिते. गर्दीच्या दिवसांची यादी वेगळी, त्या दिवसांचा दंड वेगळा.

बऱ्याच खात्यांना वाटतं की स्पेसिफिकेशन, म्हणजे काय काय हवं त्याचं वर्णन, जाडजूड केलं की आपण सुरक्षित. अमेरिकेच्या एफबीआयचं व्हर्च्युअल केस फाइल (तपासाच्या फायली संगणकावर आणायची सिस्टीम) हे यावर माझं आवडतं उदाहरण आहे. कंत्राट २००१ चं, आणि जवळपास १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये ते सगळं गुंडाळलं. रिक्वायरमेंटचा दस्तऐवज ८०० पानांच्या वर होता, कुठल्या पेजवर कुठलं बटण असावं इथपर्यंत लिहिलेलं. आणि तिथल्या न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने नंतर तपासलं तर मूळ कंत्राटात काम पूर्ण करायचे ठोस टप्पे नाहीत, मधे थांबून पुढे जायचं की नाही हे ठरवायची जागा नाही, आणि टप्पा चुकला तर दंडही नाही. बटण कुठे ते लिहिलंय, पण काम कधी झालं म्हणायचं ते लिहिलेलं नाही! मला यात आश्चर्य काहीच वाटत नाही, बटणावर सगळ्यांना मत असतं, टप्प्यांचं कलम ठरवायला बसलं की खोलीतले निम्मे लोक चहाला जातात.

चेंज रिक्वेस्टबद्दल, म्हणजे करार झाल्यावर मागितलेल्या बदलांबद्दल, फार लिहीत नाही, तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे. एवढंच सांगते की 'इत्यादी' आणि 'खात्याच्या गरजेनुसार' हे शब्द खात्याला आपल्या बाजूचे वाटतात आणि वादात पहिल्यांदा तेच फुटतात. 'युजर फ्रेंडली' पण त्याच घरातलं.

खरं जिवावर येतं ते एक्झिट, म्हणजे करार संपताना व्हेंडरने सगळं कसं सोपवून जायचं ते. सगळे लग्नाच्या मूडमध्ये असताना घटस्फोटाच्या अटी काढणारी मीच दिसते, त्यामुळे ते परिशिष्ट कायम शेवटी आणि कायम घाईत होतं. एका खात्याच्या जुन्या करारात (तो मी लिहिलेला नव्हता, पण निस्तरायला मलाच बोलावलं) एकच ओळ होती की मुदत संपल्यावर व्हेंडर सर्व डेटा खात्याला सुपूर्द करील. केला ना. हार्ड डिस्कवर हजारो पीडीएफ, प्रत्येक अर्जाची एक, फाइलचं नाव म्हणजे नुसता नंबर. डेटाबेस नाही, कुठला तक्ता कुठल्याला जोडलाय याचा कागद नाही, अपलोड केलेली कागदपत्रं वेगळ्या फोल्डरात आणि त्यांचा अर्जाशी संबंध सांगणारी फाइल गायब. विचारलं तर उत्तर आलं की करारात फॉरमॅट दिलेला नाही. आणि खरंच दिलेला नव्हता! नवीन व्हेंडरने ते परत भरायचे वेगळे पैसे लावले.

तेव्हापासून मी एक्झिटची रंगीत तालीम करारातच टाकते. दरवर्षी एकदा व्हेंडरने पूर्ण डेटा ठरलेल्या फॉरमॅटमध्ये काढून द्यायचा, तो दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर चढवून दाखवायचा, सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) तिथेच बिल्ड करून, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर तयार करून, दाखवायचा, आणि हे झाल्याशिवाय त्या तिमाहीचं पेमेंट नाही. सोर्स कोडचा मालक कोण यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण तो कोड चालतो का हे कोणी बघत नाही. न चालणाऱ्या कोडची मालकी घेऊन करणार काय, फ्रेम?

आणि करार मोडायचाच झाला तर? ब्रिटनच्या ई-बॉर्डर्सचं (देशात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांची माहिती तपासायची सिस्टीम) कंत्राट २००७ मध्ये झालं, २०१० मध्ये तिथल्या गृहखात्याने ते रद्द केलं. मग लवाद. २०१४ मध्ये निकाल खात्याच्या विरोधात गेला, तो पुढे कोर्टाने बाजूला ठेवला आणि शेवटी २०१५ मध्ये १५ कोटी पाउंड देऊन तडजोड झाली. पाच वर्षं! रद्द करणं म्हणजे रागाने पत्र पाठवणं नव्हे हो, आधी कुठली चूक कुठल्या तारखेला कळवली, सुधारायला किती दिवस दिले, उशीर व्हायला आपलंही काही कारण होतं का, हे सगळं कागदावर लागतं. आणि तो कागद नवीन आलेल्या माणसाला सापडावा लागतो. म्हणून मी उशिराचं एक रजिस्टर ठेवायला लावते, दर महिन्याला दोन्ही बाजूंची सही, कोणामुळे किती दिवस गेले. व्हेंडरला आवडत नाही, खात्याला त्याहून आवडत नाही.

सध्या एक नवीन सवय लावून घेतलीये. ड्राफ्ट तयार झाला की जो एकाही मीटिंगला नव्हता अशा कोणाला तरी वाचायला देते आणि सांगते की समज तू काल जॉइन झालीस. परवा आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीला दिला, तिने बऱ्याच खुणा करून आणल्या, बहुतेक किरकोळ. एक मात्र अशी की मी खुर्चीत नीट सरकून बसले. तक्रार 'दोन कामकाजाच्या दिवसांत' सोडवायची असं लिहिलं होतं, तिने शेजारी पेन्सिलने विचारलं होतं, 'ताई, कोणाच्या कामकाजाच्या? खात्याची सुट्टी आणि कंपनीची सुट्टी वेगळी असते ना?'

सहा जणांनी तो ड्राफ्ट वाचला होता, दोन वकिलांनी. उद्या अकराला मीटिंग आहे, व्हेंडर म्हणणार आमच्या कॅलेंडरप्रमाणे.