आज टोकन परत केलं

चिंचवडचा वन बीएचके विकायला काढून ५ महिने झाले. पितृपक्षात कोणी फिरकलंच नाही. घटस्थापनेला एक जोडपं आलं. त्यांच्या लेकीने बाल्कनीतल्या तुळशीला हात लावून विचारलं, "ही पण आपली का?" मला वाटलं, ठरलं! ५१ हजार टोकनही आलं. पुण्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के, म्हणून वहिनींच्याच नावावर करायचं, इथवर बोलणं झालेलं.

आज दुपारी फोन. बँकेने कर्ज कमी मंजूर केलंय. वहिनींचा आवाज इतका रडवेला होता की पैसे लगेच परत पाठवले.

आईने दिवेलागणीआधी नेहमीसारखा हॉल झाडला. दाराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या पुसायला तिचा हात अजून होत नाही.

रविवारी अकराला आणखी एक जण बघायला येतायत.