जुनं की मॉडर्न?

शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या चित्र-शिल्पाच्या शाळेत, शिकले म्हटलं की गोव्यात आमच्या पेडण्यात हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे तिथं जुनं शिकवतात की मॉडर्न?’ आणि मग, ‘पणजीत आल्तिनोला आर्ट कॉलेज असताना बंगालात कशाला?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मला भिंतीवर काम करायचं होतं आणि तिथल्या भिंतीच अभ्यासक्रमात असल्यासारख्या आहेत. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडं बोलावं लागतं.

मोरजाईच्या देवळातली कावी, म्हणजे भिंतीवरची तांबडी-पांढरी नक्षी, तुम्ही पाहिली असेल. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने नक्षी खरवडायची. जिथं खरवडलं तिथं आतला पांढरा चुना दिसतो. ओल गेली की संपलं. कलाभवनात भित्तिचित्र शिकताना मला हीच घाई भेटली. ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि रंगाला आपल्यात धरून ठेवतो. जयपुरी पद्धतीत त्यावर अकीकाच्या दगडाने घोटाई होते. जोर कमी पडला तर चकाकी येत नाही, जास्त झाला तर रंगच उचलला जातो. ही विद्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांनी जयपूरच्या कारागिराला बोलावून तिथं रुजवली.

आता हे जुनं का? शांतिनिकेतनच्याच हिंदी भवनात चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींनी १९४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र पूर्ण केलं. तंत्र ओल्या चुन्याचं, विषय कबीर-सूरदासांचा. पण माणसांची ती दाटी आणि रेषेची चाल पाहिली की विसाव्या शतकातला चित्रकार लपत नाही. जन्मापासून नजर अधू असलेल्या माणसाने हे केलं, हे मला अजून पचलेलं नाही.

तिथलंच रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प १९३८ चं. सिमेंट आणि जांभ्याची खडी, दोन्ही स्वस्त आणि हाताशी. कावड घेतलेला पुरुष, बाई, मूल, सोबत कुत्रा. जवळ गेलात तर खडे बोटाला टोचतात, तांबडे, आमच्या चिऱ्याचेच भाऊबंद. गोव्यात घरं बांधायचा दगड म्हणून ज्याच्याकडे बघतही नव्हते, तो तिथं शिल्पात भेटला.

म्हणून जुनं की नवं या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. वर्गात कुणी तसं वाटून दिलंच नाही.

आणि गोंयकाराने बंगालात जाणं काही नवलाचं नाही. गोव्यातल्या सांतइश्तेवचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय सोडून तिथं गेले आणि परत येऊन चित्रांत येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली. इथल्या काहींना ते रुचलं नाही, ते पुण्याला राहायला गेले. त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. मुलांना तिकडे पाठवायचं मनात असेल तर आधी ती दाखवून आणा. आणि प्रवेशाच्या तयारीत कॅलेंडरवरच्या गणपतीची नक्कल करायला लावू नका. बाजारात बसून केलेली, चुकलेली का असेना, स्केचेस हवीत.