गावात गिरणी एकच, मग म्युलर एवढे कसे?

आज दिवसभर जुन्या जर्मन नोंदी चाळताना हाच प्रश्न डोक्यात होता. म्युलर म्हणजे पाणचक्कीवर दळण दळणारा, आणि जर्मनीत सर्वाधिक आढळणारं आडनाव हेच. उत्तर प्रश्नातच आहे. साधारण 12व्या ते 15व्या शतकात आडनावं रुजली, तेव्हा गावात योहान पुष्कळ, पण गिरणीवाला योहान एकच. ओळख पटवायला याहून सोयीचं काय? शिवाय गिरण्या गावोगाव, त्यामुळे एकमेकांशी काहीही नातं नसलेली म्युलर घराणी सगळीकडे उभी राहिली. लोहारांचं तसंच. श्मिट, श्मिड, श्मिट्झ हे सगळे एकत्र मोजले तर ते म्युलरांनाही मागे टाकतात.

वंशावळ शोधणाऱ्यांची खरी अडचण स्पेलिंगची. उत्तरेत मोलर, दक्षिणेत मिलर, ऑस्ट्रियाकडे म्युलनर, आणि लॅटिन लिहिणाऱ्या पाद्र्याच्या वहीत तोच माणूस मोलिटोर! म्हणून सगळी रूपं शोधा. Müller मधल्या यूवरचे दोन टिंब गाळूनही शोधा (Muller) आणि त्या यूच्या जागी 'यूई' घालूनही (Mueller). पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनाच्या रोमन पाटीवर हे 'यूई'च दिसतं. 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली, तिथून पुढे स्पेलिंग बरंच स्थिरावतं. त्याआधीचं मात्र चर्चच्या वह्यांत, आणि तिथे नुसत्या नावावर कधीच विसंबू नका. गाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, तिन्ही जुळली तरच तो तुमचा म्युलर.