हुर्वाचा घुमट, पदकावरचा आणि प्रत्यक्षातला

जेरुसलेमच्या जुन्या शहरातील ज्यू वस्तीत आम्ही भर दुपारी पोहोचलो, आणि हुर्वा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, जाण्यापूर्वी मी शेजारच्या गल्लीतील एका नाण्यांच्या दुकानात शिरलो, ते खरे तर केवळ उन्हापासून सुटका म्हणून. काचेच्या पेटीत, मखमलीच्या खळग्यात, या सिनेगॉगच्या पुनर्बांधणीच्या स्मरणार्थ काढलेले एक पदक होते. दुकानदाराने भिंग पुढे केले. उठावात कोरलेला घुमट आणि त्याखालची कमान स्पष्ट दिसत होती; घुमटाचा माथा तेवढा हाताळून हाताळून गुळगुळीत झाला होता.

'हुर्वा' या हिब्रू शब्दाचा अर्थच पडकी वास्तू. १७०० साली पोलंडहून आपल्या अनुयायांसह आलेले राब्बी (ज्यू धर्मगुरू) येहुदा हेहासिद काही दिवसांतच वारले, मागे राहिलेला समाज कर्जात बुडाला, आणि सुमारे वीस वर्षांनी चिडलेल्या सावकारांनी अर्धवट बांधलेले सिनेगॉग जाळून टाकले. पुढे शतकाहून अधिक काळ तिथे केवळ अवशेष होते. आपल्याकडे जळलेला वाडा पुन्हा उभा राहिला तरी गावाच्या तोंडी तो 'जळका वाडा'च राहतो, तसेच इथे झाले. उस्मानी वास्तुतज्ज्ञ असाद एफेंदी यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या भव्य सिनेगॉगचे १८६४ मध्ये उद्घाटन झाले. रोथशिल्ड या युरोपातील धनाढ्य बँकर घराण्यातील याकोब यांच्या सन्मानार्थ 'बेत याकोव्ह' हे नाव ठेवले गेले, तरी लोक हुर्वाच म्हणत राहिले. (त्याच दशकात पुण्यात लाल देऊळ, म्हणजे तिथले सिनेगॉग, बांधले जात होते, हे मला तिथे उभे असताना आठवले.)

मे १९४८ मध्ये, अरब-इस्रायल युद्धात, जॉर्डनच्या अरब लीजन या सैन्याने ही इमारत सुरुंगाने उडवली. १९६७ मध्ये जुने शहर इस्रायलच्या ताब्यात आल्यानंतर अमेरिकन वास्तुतज्ज्ञ लुई कान यांनी नव्या सिनेगॉगचे आराखडे केले, पण ते कागदावरच राहिले. १९७७ मध्ये अवशेषांवर फक्त एक दगडी कमान उभारली गेली. तीच पुढे तीन दशके या जागेची ओळख होती. अखेर वास्तुतज्ज्ञ नाहुम मेल्त्झर यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकातील रूप पुन्हा बांधले गेले आणि मार्च २०१० मध्ये उद्घाटन झाले. त्या दिवसांत पूर्व जेरुसलेममध्ये निदर्शने आणि चकमकीही झाल्या. पदकावर अर्थातच यातले काही नाही.

आत गेल्यावर माझे लक्ष उंच घुमटापेक्षा भिंतींकडे अधिक गेले. नव्या, फिकट, एकसारख्या घडवलेल्या दगडांच्या मधोमध जुन्या बांधकामाचे तुकडे मुद्दाम उघडे ठेवले आहेत. त्यांच्या कडा ओबडधोबड आहेत आणि रंगही काळपट. कोणी सांगितले नसते तरी कुठला दगड १९४८ पूर्वीचा, हे ओळखता आले असते. पुनर्बांधणी इतकी हुबेहूब आहे की हे तुकडे नसते, तर मला ती थोडी खोटी वाटली असती. घुमटाभोवतीच्या सज्जातून जुने शहर चहूबाजूंनी दिसते, आणि अगदी लगत मशिदीचा मिनार उभा आहे.

परतताना पुन्हा दुकानात गेलो. १९७७ची ती एकटी कमान असलेले एखादे पदक आहे का, असे विचारल्यावर दुकानदाराने नकारार्थी मान हलवली आणि खणातून एक जुने पोस्टकार्ड काढले: निळे आकाश, पडक्या भिंती आणि मधोमध ती एकटी कमान. पदकाची किंमत माझ्या खिशाला परवडणारी नव्हती, म्हणून पोस्टकार्डच घेतले.