म्युनिकच्या शाळेतली एक संध्याकाळ आणि आमदारबाईंना विचारलेले प्रश्न

२०२५ च्या वसंत ऋतूत माझ्या मुलीच्या प्राथमिक शाळेच्या पालक समितीने आमच्या भागाच्या आमदारबाईंना एका संध्याकाळी शाळेत बोलावले होते. या आमदार म्हणजे बव्हेरिया राज्याच्या विधानसभेच्या, म्हणजे लांडटागच्या, सत्ताधारी आघाडीतल्या सदस्य. सूचनापत्रावर ‘कुटुंब आणि शिक्षण’ असा मोघम विषय लिहिलेला होता. मी अकरा वर्षे म्युनिकमध्ये राहते, पण पासपोर्ट अजून भारतीय आहे. जून २०२४ पासून जर्मनीने नव्या नागरिकांना जुने नागरिकत्व सोबत ठेवण्याची मुभा दिली आहे, परंतु भारत ती देत नाही, आणि सांगलीच्या आईवडिलांकडे पाहता तो पासपोर्ट सोडण्याचा निर्णय माझ्याने होत नाही. त्यामुळे मला इथे मत नाही. ज्यांना माझ्या मताची गरज नाही, त्यांना मी प्रश्न विचारावा की नाही, या विचारातच मी मागच्या रांगेत जाऊन बसले.

वास्तविक माझ्या घरातच तीन प्रश्न तयार होते. मुलगी तिसरीत होती, म्हणजे पुढच्या वर्षी चौथी. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात जो दाखला मिळतो, त्यावर मूल गिम्नाझियमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार, रेआलशूलेला (मधल्या पातळीची) जाणार की मिटेलशूलेला (मुख्यतः व्यवसाय-प्रशिक्षणाकडे नेणारी), हे ठरते. इथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ हा सर्वांत वाईट. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमचे दार उघडते. आमच्या वेळी चौथीच्या स्कॉलरशिपसाठी आई पहाटे उठवत असे, परंतु ती परीक्षा हुकली म्हणून कोणाची शाळा बदलत नव्हती. दुसरा प्रश्न साडेचार वर्षांच्या मुलाचा होता. शाळा सुरू होण्याच्या साधारण दीड वर्ष आधी प्रत्येक मुलाचे जर्मन पुरेसे आहे की नाही हे तपासण्याची सक्ती बव्हेरियाने नुकतीच सुरू केली होती, आणि आमच्या घरात तर दिवसभर मराठीच चालते. तिसरा प्रश्न दुपारचा. त्याकडे नंतर येते.

सभेचा नियम साधा होता: प्रत्येकाला एक मिनिट, आणि उत्तर समाधानकारक वाटले नाही तर एक पूरक प्रश्न. हा पूरक प्रश्नच त्या संध्याकाळचा कणा ठरला. पहिल्या उत्तराची तयारी प्रत्येक राजकारणी घरून करून येतो. दुसऱ्याची तयारी फार थोड्यांची असते.

सुरुवात रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका आईने केली. तिची सकाळची पाळी सहाला सुरू होते आणि मुलाचे पाळणाघर सातला उघडते. शिवाय कर्मचारी अपुरे असल्याने तेही मधूनमधून दुपारी दोनलाच बंद होते. आमदारबाईंनी उत्तरात नवी योजना सांगितली. बव्हेरियात २०१८ पासून एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी दरमहा २५० युरोंचा कुटुंब भत्ता मिळत असे. तो बंद करून २०२५ मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पहिल्या वाढदिवशी एकरकमी ३००० युरो देण्याचे राज्य सरकारने २०२४ च्या अखेरीस ठरवले होते, आणि उरलेला पैसा पाळणाघरांकडे वळवला जाणार होता. त्या आईने शांतपणे पूरक प्रश्न विचारला: “३००० युरो हातात घेऊन मी पहाटे साडेपाचला कोणाचे दार ठोठावू?”

हॉलमध्ये कोणी हसले नाही. मला मात्र त्या क्षणी त्या सभेतला झगडा नेमका कशाचा आहे हे कळले. पालक तास मागत होते आणि सरकार रक्कम देऊ करत होते. रक्कम जाहीर करता येते, तिचा आकडा फलकावर छापता येतो. तास मात्र माणसांशिवाय निर्माण होत नाहीत, आणि बालशिक्षिका घडायला काही वर्षे लागतात. जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. समोरच्या रांगेतल्या एका वडिलांनी त्यावर ऑक्टोबर २०१६ च्या निकालाची आठवण करून दिली: पालिकेच्या चुकीमुळे जागा मिळाली नाही, तर आईवडिलांच्या बुडालेल्या पगाराची भरपाई मागता येते, असे संघीय न्यायालयाने लाइपझिगच्या तीन आयांच्या दाव्यात म्हटले होते. कायदा इतका भक्कम असूनही जागा मिळत नसेल, तर घोडे नेमके कुठे पेंड खाते, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता.

यावर आमदारबाईंनी जे केले, त्यात जर्मन संघराज्याची सगळी रचना वापरली गेली. बालभत्ता, म्हणजे त्या वर्षी प्रत्येक मुलामागे दरमहा २५५ युरो, हा केंद्राचा विषय. शाळा आणि शिक्षक राज्याचे. पाळणाघराची जागा देणे पालिकेचे काम. प्रत्येक विधान खरे होते, आणि तरीही तिन्ही मिळून ती टोलवाटोलवीच होती. आपल्याकडे ‘वरून आदेश नाहीत’ असे म्हणतात. इथे खालून आणि वरून असे दोन्ही बाजूंनी हात झटकता येतात. न्यायाने सांगायचे तर त्या बाई उर्मट नव्हत्या. दोन तास उभ्या राहून त्या एकेका प्रश्नाची नोंद वहीत करत होत्या. मात्र उत्तर नसले की “हे मी सोबत घेऊन जाते” असे म्हणत. जर्मन राजकारण्यांचे हे आवडते वाक्य आपल्या ‘बघतो, करतो’चे सख्खे भावंड आहे. सातव्यांदा ते आल्यावर एका आजोबांनी त्यांना सोबत किती मोठी पिशवी आणली आहे, असे विचारले. तेव्हा त्या स्वतःही हसल्या.

अखेर मी हात वर केला. मुलाच्या भाषेबद्दल त्याच्या बालवाडीने काळजी नसल्याचे लेखी दिले होते, त्यामुळे त्याला शाळेत चाचणीसाठी न्यावे लागणार नव्हते. पण त्याच्याच गटातल्या तीन मुलांना बोलावणे आले होते. ज्यांचे जर्मन कमी पडते, त्यांना शाळेपूर्वीचा २४० तासांचा वर्ग सक्तीचा आहे आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद आहे. यातले अर्धे तास बालवाडीच्या शिक्षिकांनी घ्यायचे आणि अर्धे प्राथमिक शाळेच्या. मी इतकेच विचारले, की माझ्या मुलीच्या वर्गावर बदली शिक्षक न मिळाल्याने त्या हिवाळ्यात मुलांना वारंवार दुसऱ्या वर्गात वाटून बसवावे लागले असताना, या १२० तासांसाठीची शिक्षिका कुठून येणार आहे? पालकांनी मूल पाठवले नाही तर दंड आहे. शाळेने शिक्षिका पाठवली नाही तर काय आहे? माझे व्याकरण एका ठिकाणी घसरले, पण प्रश्न पोहोचला असावा, कारण शेजारच्या तुर्की बाईंनी टेबलावर बोटांची टकटक केली. इथे ही टाळी समजतात.

आमदारबाईंनी शिक्षक भरतीचे प्रयत्न सांगितले, भाषा लवकर शिकलेल्या मुलांना चौथीनंतर होणारा फायदा सांगितला, आणि पहिलीपासून जर्मन शाळेत न शिकलेल्या मुलांसाठी गिम्नाझियमची अट शिथिल असल्याचेही सांगितले. ते खरे आहे. पण माझी मुले इथेच जन्मली, त्यामुळे ती सवलत त्यांच्या वाट्याची नाही, आणि माझा प्रश्नही तो नव्हता. पूरक प्रश्नात मी फक्त “शिक्षिका कुठून?” हे दोन शब्द पुन्हा उच्चारले. तेव्हा त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, की सर्व ठिकाणी ती असेलच असे आश्वासन त्या देऊ शकत नाहीत. त्या संध्याकाळचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला हेच वाटले. म्हणूनच ते मी ‘सोबत घेऊन’ आले.

रात्री सांगलीला फोन केला तेव्हा तिकडे पहाट होती. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. तिचा पहिला प्रश्न होता, “आमदार मध्येच उठून गेल्या नाहीत?” शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, हे तिला तोंडपाठ आहे, पण तिच्या म्हणण्यानुसार समितीचे ठराव खाली होतात आणि निर्णय वर होतात. पुढे जून महिन्यात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा वाद महाराष्ट्रात पेटला आणि २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले. तेव्हा तिने मला मुद्दाम फोन करून सांगितले, की आमच्याकडे पूरक प्रश्न रस्त्यावर विचारावा लागतो.

सभेनंतर सहा आठवड्यांनी आमदारबाईंचे पत्र पालक समितीला आले. नोंदवलेल्या अकरा मुद्द्यांपैकी तीन मुद्द्यांची उत्तरे त्यात होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३००० युरोंची योजना सुरू होण्याआधीच गुंडाळली, आणि तो पैसा पाळणाघरांना द्यायचे ठरवले. म्हणजे त्या परिचारिकेचे म्हणणे सरकारने शेवटी स्वतःचे म्हणून मांडले. पण २०२५ मध्ये जन्मलेल्या बाळांच्या घरी जुना भत्ताही नाही आणि नवी रक्कमही नाही. तेल गेले, तूपही गेले. आमच्या इमारतीत असे एक बाळ आहे. त्याच्या आईला हा युक्तिवाद पटवून देण्याची माझी हिंमत झाली नाही. शिवाय पाळणाघराला पैसा मिळाला, तरी पहाटे सहाला दार उघडणारी व्यक्ती त्या पैशाने लगेच उभी राहत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता दुपारचा प्रश्न. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार २०२६–२७ या शालेय वर्षापासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, शाळेचे तास धरून, रोज आठ तास देखभालीचा हक्क मिळणार आहे. पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढत २०२९–३० पर्यंत चौथीपर्यंतची सगळी मुले त्यात येतील. माझा मुलगा सप्टेंबर २०२६ मध्ये पहिलीत जाईल, म्हणजे तो या हक्काच्या पहिल्या तुकडीत आहे. पालक समितीने आता याच विषयावर विधानसभेकडे अर्ज करायचे ठरवले आहे. बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेतील ११५ वे कलम तो अधिकार राज्याच्या ‘सर्व रहिवाशांना’ देते. तिथे नागरिक हा शब्द नाही, रहिवासी आहे. मसुद्याखाली दुसरी सही माझी आहे, आणि मसुद्यात रकमेचा उल्लेख कुठेही येऊ नये, एवढा एकच आग्रह मी धरला.

शाळेत पहिलीचा वर्ग कधी सव्वाअकराला सुटतो, कधी सव्वाबाराला. त्यानंतर मुलगा कुठे बसणार, याचे पालिकेचे पत्र अजून आलेले नाही.